परसातलं तळं आणि शेततळ्याचा कागद

आमच्या भागात शेततळ्यात अंथरायच्या काळ्या प्लास्टिकला ‘कागद’ म्हणतात. ‘यंदा कागद टाकला’, ‘कागद फाटला’, ‘पाचशेचा कागद घेतला’ अशी वाक्यं चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतात. पाचशे म्हणजे पाचशे मायक्रॉन, अर्धा मिलिमीटर जाडी. सरकारी अर्जात याच कामाला ‘अस्तरीकरण’ म्हणतात. ऑनलाइन शोधलंत तर तो ‘पाँड लायनर’ होतो आणि पुढे हमखास ‘फिश सेफ’ असं लिहिलेलं असतं. या दोन शब्दांनी गेल्या वर्षी माझे चार महिने खाल्ले.

आम्ही सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले. सह्याद्रीने पाऊस पश्चिमेलाच अडवून धरल्यावर जे उरतं ते आमच्या वाट्याला येतं. गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून आमचा भाग बघितला, तर शेतांमध्ये हिरव्या-काळ्या पाण्याचे चौकोन दिसतात. ती शेततळी. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि हे चौकोन झपाट्याने वाढले. आमचंही एक आहे, ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी बॅकएंडचं काम करते. महिन्यातले तीन आठवडे घरूनच. माझ्या खोलीच्या खिडकीतून परस दिसतं: गोठ्याची भिंत, शेवगा आणि मधली दहा-बारा फुटांची रिकामी जागा. तिथे छोटं तळं करायचं, मासे सोडायचे, कुमुदिनी लावायची, असं ठरवलं. दहा बाय सहा फूट, दोन फूट खोल.

अण्णांच्या दृष्टीने हा अर्ध्या दिवसाचा विषय होता. “गोठ्यामागं कागदाचा तुकडा पडलाय. खड्डा घे, टाक अंथरून.”

“अण्णा, तो माशांना चालेल का, ते बघायला लागेल.”

“तळ्यात काय चिमण्या पाळल्यात का आपण?”

मुद्दा बरोबर होता. आमच्या शेततळ्यात रोहू-कटला वर्षानुवर्षं जगतायत. मग तोच कागद परसात का नको?

मी वही काढली. ३० बाय ३० मीटरचं, एकास एक उताराचं, तीन मीटर खोल शेततळं भरलं की त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. पाण्याला लागणारा कागद सुमारे एक हजार चौरस मीटर. म्हणजे दर हजार लिटर पाण्यामागे जवळपास अर्धा चौरस मीटर प्लास्टिक. परसातल्या तळ्यात, भिंती सरळ धरल्या तर, ३४०० लिटर पाणी आणि साडेअकरा चौरस मीटर कागद. म्हणजे हजार लिटरमागे जवळपास साडेतीन चौरस मीटर. सातपट.

प्लास्टिकमधून काही सुटत असेल तर ते लहान तळ्यात सातपट दाट होणार. वर आमच्याकडच्या उन्हात उथळ पाणी लवकर तापणार, आणि गरम पाण्यात असल्या गोष्टी जास्त वेगाने सुटतात. शेततळ्यात मासे जगतात यावरून शेततळ्यापुरतं कळतं. लहान पाण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आकडे बघून अण्णा म्हणाले, “बघ मग तुझं तू.” आमच्या घरात ही परवानगी असते.

गोठ्यामागचा तुकडा आधीच बाद झाला. पाच-सहा उन्हाळे उघड्यावर काढल्यामुळे तो पांढुरका पडला होता आणि घडीवर दाबला की बारीक तडे दिसत होते.

*

मग मी खेडेगावात खड्ड्यात पाणी साठवायला लोक काय काय वापरतात ते बघत सुटले.

पहिला मान फ्लेक्सचा. वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे फ्लेक्स महाराष्ट्रात कधी वाया जात नाहीत. ते गोठ्यावर जातात, चाऱ्यावर जातात, आणि कुणाच्या तरी बदकांच्या डबक्यातही जातात. पाण्याखालून भावी आमदार हात जोडून बघत असतात. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या पाइपासारखं. त्याला मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाची तेलकट द्रव्यं मिसळतात. मऊ शीटमध्ये ती वजनाच्या एक तृतीयांशापर्यंतही असू शकतात. ही द्रव्यं प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात, त्यामुळे हळूहळू बाहेर येतात. जुना रेनकोट कडक होऊन घडीवर तडकतो तो यामुळेच. तळ्यात ते बाहेर आलेलं द्रव्य पाण्यात जातं. या गटातली फ्थॅलेट्स सजीवांच्या हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतात, म्हणून लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर अनेक देशांत बंधनं आहेत. शिवाय पीव्हीसी टिकावं म्हणून पूर्वी त्यात शिशाची संयुगं सर्रास वापरत. आपल्याकडे पीव्हीसी पाइपांमधून शिसं हटवण्याचे नियम २०२१ साली आले. फ्लेक्स छापणाऱ्याने त्याच्या मालात काय आहे हे बघण्याचं कारणच नाही, त्याला तो पंधरा दिवस चौकात लावायचा असतो.

सगळं पीव्हीसी वाईट, असा याचा अर्थ नाही. माशांच्या तळ्यासाठी वेगळं बनवलेलं पीव्हीसी असतं. पण ते तसं आहे हे बनवणाऱ्याने लेखी सांगितलेलं असावं लागतं.

दुसरी ताडपत्री. ती विणलेल्या पट्ट्यांवर पातळ थर चढवून केलेली असते. ती जीएसएमवर विकतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. एखाद-दोन हंगाम कांदा झाकायला ती उत्तम. पण सतत उन्हात आणि पाण्यात राहिली की वरच्या थराचे पापुद्रे सुटायला लागतात. ते मासे गिळतात.

तिसरं सिमेंट. गवंड्याला विचारलं तर तो दुसरं काही सुचवणारच नाही. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच अकराच्याही पुढे जाऊ शकतो. त्यात मासे टिकत नाहीत. म्हणून जुने लोक नवीन हौद भरून त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ठेवायचे, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे आणि मग वापरायला घ्यायचे. ते करता येतं. पण आमच्या परसात वर काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्या जोरावर पातळ सिमेंट तडकतं.

चौथं गच्चीचं वॉटरप्रूफिंग. डब्यावर अभिमानाने लिहिलेलं असतं की शेवाळ धरत नाही. जे शेवाळाला जगू देत नाही, ते पाण्यातल्या बाकीच्यांशी कसं वागेल? द्राक्षवाल्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे बोर्डो फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं बुरशीला मारतं, शेवाळाला मारतं आणि थोड्या प्रमाणातही माशांना मारतं. फवारणीचा ड्रम शेततळ्याजवळ धुवायचा नाही, हा अण्णांचा नियम मी लहानपणापासून ऐकतेय.

पाचवं रबर, ईपीडीएम. परदेशात घरगुती तळ्यांसाठी ते फार लोकप्रिय आहे. मऊ असतं, ताणतं, कोपऱ्यात छान दुमडतं, उन्हाला दाद देत नाही. पण हेच रबर छपरांसाठीही विकतात आणि छपरासाठी बनवताना खाली कोणी पोहणार आहे असा विचार केलेला असतोच असं नाही. तळ्यासाठीचं म्हणून विकलेलंच घ्यायचं. आमच्या आसपासच्या दुकानांत ते कुणी ठेवत नाही.

म्हणजे फिरून परत कागदावर. कागद एचडीपीईचा, हाय डेन्सिटी पॉलिथिनचा. यात प्लास्टिसायझर लागत नाही. रंग काळा असतो, कारण ऊन सोसावं म्हणून त्यात साधारण दोन ते तीन टक्के कार्बन ब्लॅक घालतात, म्हणजे एक प्रकारची काजळीच. तो ताठ असतो, कोपऱ्यात नीट बसत नाही आणि जोड गरम करून वितळवूनच द्यावे लागतात. बाकी पाण्याच्या दृष्टीने तो अबोल आहे. मला अबोल माणसं आणि अबोल सर्व्हर दोन्ही आवडतात.

*

पण एचडीपीई आहे हे ठरवायचं कोणी? नाशिकच्या एका दुकानात मी विचारलं, “हा पिण्याच्या पाण्याला चालणारा आहे का?”

“मॅडम, खायचेत मासे. कागद थोडाच खायचाय?”

दुकानातले सगळे हसले. मीही हसले आणि कागदावरचे नंबर दाखवा म्हटलं. योजनेत बसणाऱ्या कागदावर आयएस १५३५१ हा नंबर असतो. तो पाणी अडवणाऱ्या एचडीपीई अस्तराचा आहे. अन्न आणि पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या पॉलिथिनसाठी वेगळा, आयएस १०१४६. आणि तिसरा प्रश्न: माल व्हर्जिन आहे की रिप्रोसेस? वितळवून पुन्हा केलेल्या प्लास्टिकचा मागचा जन्म कळत नाही. ते दुधाच्या पिशव्यांचं असेल, तेलाच्या कॅनचं असेल किंवा कीटकनाशकाच्या. दुकानदाराने एक कागद दाखवून ‘दोन्ही नंबर’ म्हटलं, दुसरा दाखवून ‘हा स्वस्तातला’ म्हटलं. मी दोन्हींचे एकेक चौरस फूट तुकडे मागितले. त्याने ते फुकट दिले, बहुतेक मी जावं म्हणून.

घरी करता येतात अशा तीन चाचण्या सांगते. यांना प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली: बोटाएवढा तुकडा पाण्यात पूर्ण बुडवायचा, चिकटलेले बुडबुडे बोटाने काढायचे आणि सोडून द्यायचा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीव्हीसी जड, ते तळाशी बसतं. एचडीपीई म्हणून विकलेली वस्तू बुडाली तर पुढची चौकशी करायचीही गरज नाही. माझे दोन्ही तुकडे वर आले, फ्लेक्सचा तुकडा तळाशी गेला.

दुसरी: वजन. पाचशे मायक्रॉनच्या पॉलिथिनचा एक चौरस फूट साधारण ४४ ग्रॅम भरायला हवा. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पहिला तुकडा ४३ भरला. स्वस्तातला ३१. म्हणजे पाचशेच्या नावाखाली साडेतीनशेच्या आसपासचा कागद. आई म्हणाली, “काटा पुसून ठेव.”

तिसरीला वेळ लागतो. चार बादल्यांमध्ये विहिरीचं दहा-दहा लिटर पाणी घेतलं. एकीत चांगला कागद, दुसरीत स्वस्तातला, तिसरीत फ्लेक्स, चौथी नुसती. चौथी सर्वांत महत्त्वाची, कारण मासे पाण्यानेच मेले की कागदाने, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही. चौरस फुटाचा तुकडा दोन्ही बाजूंनी भिजतो, म्हणून बादलीत दर लिटरमागे प्लास्टिक माझ्या तळ्याच्या पाचपटीहून जास्त होतं. जे तिथे चालेल ते तळ्यात चालायला हरकत नाही. बादल्या पंधरा दिवस उन्हात ठेवल्या, वर डासांची जाळी बांधून.

आठव्या दिवशी फ्लेक्सच्या बादलीवर तेलकट तवंग आला आणि नवीन पडद्यासारखा वास. स्वस्तातल्या कागदाच्या पाण्याला किंचित रॉकेलसारखा वास येत होता. उरलेल्या दोन बादल्यांत मला वासाचा फरक कळला नाही. मी दादाला डोळे मिटून हुंगायला लावलं, त्यालाही नाही. मग आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते फुकट मिळतात. चांगल्या कागदाच्या आणि नुसत्या पाण्याच्या बादलीत पाच-पाच सोडले. वास येणाऱ्या पाण्यात मुद्दाम सोडायचं मनाला पटलं नाही, त्या बादल्यांचं उत्तर मिळालंच होतं. दोन आठवड्यांनी दहाचे दहा जिवंत होते आणि कागदाच्या बादलीत सात पिल्लं जास्तीची.

दोन आठवड्यांत दहा वर्षांचं कळत नाही, पण उघड धोका कळतो. कागद ठरला. स्प्रेडशीटमध्ये त्या रांगेला मी हिरवा रंग दिला.

*

बादल्यांचं सगळं आई येता-जाता बघत होती. गप्पींची पिल्लं दाखवायला मी पुतणीला कडेवर घेऊन आले. दादाची मुलगी, तेव्हा पावणेदोन वर्षांची. ती जाळीवरून पाण्यात बोट घालायला वाकली. आईने तिला माझ्याकडून काढून घेतलं.

“मासे जगतील गं,” ती म्हणाली. “हिचं सांग.”

या वाक्याची मी वाट बघत होते. तळ्याचा विषय निघाला त्या दिवसापासून ते घरात होतं. मी ते बोलत नव्हते, आई बोलत नव्हती, आणि अण्णा अर्ध्या दिवसाचा विषय म्हणत होते तेही बहुतेक त्याचमुळे, लवकर संपावा म्हणून.

आमच्यापासून दोन मळे सोडून एका घरातला मुलगा शेततळ्यात गेला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुटीवर आले होते. मुलगा सहावीतला. एप्रिलचं ऊन, दोन मित्र बरोबर. त्याला पोहता येत होतं. हे लोक नंतर कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होते, जणू त्यात काही चूक सापडेल: पोहता येत होतं की त्याला.

शेततळ्यात पोहता येण्याचा फार उपयोग नसतो. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटारीचा पाइप असतो. नदीला काठ असतो. कागद टाकलेल्या तळ्याला यातलं काही नसतं. बाजू पंचेचाळीस अंशांत चढते. प्लास्टिक गुळगुळीत, वर पाण्याखालच्या शेवाळाचा बुळबुळीत थर. पाय ठेवला की सरकतो, हाताला धरायला काहीच नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं. दोन मीटर खाली गेलं तर पाण्यापासून वरच्या काठापर्यंतचा उतार जवळपास पावणेतीन मीटर भरतो. माणूस पोहत पोहत थकतो. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच अडकतो. दर उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून अशी बातमी येते. कुत्री, कोल्हे यांच्या बातम्या होत नाहीत, ते नुसते सकाळी दिसतात.

त्या दिवशी अण्णा दोर घेऊन धावले होते. ते आल्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या शेततळ्याच्या चारी बाजूंना नायलॉनचे दोर सोडले, दर फुटाला गाठ मारून, टोकाला ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून. कुंपण होतंच, त्याच्या फाटकाला कुलूप लावलं. दर पावसाळ्यानंतर ते दोर ओढून बघतात. मला आठवतं तो त्या कागदाचा स्वच्छपणा. आम्ही नंतर गेलो तेव्हा त्याच्यावर काही नव्हतं. एखाद्या भिंतीवर ओरखडे राहिले असते.

मी ज्या कागदाला हिरवा रंग दिला होता, त्याचे गुण मला पाठ होते. छिद्र नाही. खडबडीतपणा नाही. काही धरून ठेवत नाही, काही सोडत नाही. माशांसाठी त्याला पूर्ण मार्क होते. त्याच गुणांमुळे तो मुलगा वर येऊ शकला नाही. ‘सेफ’ या शब्दापुढे ‘कोणासाठी’ हा रकाना लावला की एकाच वस्तूची दोन वेगळी उत्तरं निघतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पावणेदोन वर्षांच्या मुलाला बुडायला दोन फूट लागत नाहीत. वीतभर पाणी पुरतं, आणि ते आवाज न होता होतं.

*

तळं रद्द करावं का, यावर आम्ही एक आख्खी संध्याकाळ बोललो. वहिनी म्हणाली, “ती मोठी होईपर्यंत थांबू.” दादा म्हणाला, “मग शेजारच्यांची लहान असतील.” आई शेवटी म्हणाली, “कर. पण मी आत झोपलेली असताना हिला काही होणार नाही, असं कर.” कामात मला ढीगभर रिक्वायरमेंट्स मिळतात. इतकी स्पष्ट क्वचित.

त्यामुळे आराखडा बदलला. तिन्ही बाजूंना काठालगत आठ इंच खोलीवर फूटभर रुंद पायरी. चौथ्या बाजूला लांब, मंद उतार, एक फूट खाली जायला तीन फूट. त्यावर कागदाच्या वर कागदाचेच जास्तीचे तुकडे आणि वर ओढ्यातले गोल काळे दगड, पाय रोवता येईल असे. काळा दगड, कारण तो पाण्याच्या रसायनात लुडबुड करत नाही. खारी, बेडूक, सरडा, कुणीही पडलं तरी त्याला चालत बाहेर येता यावं.

आणि संपूर्ण तळ्यावर लोखंडी जाळी. इथे पुन्हा मासे आले. स्वस्त जाळी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. जस्त पाण्यात उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. पुतणीसाठी सेफ ती गप्पींसाठी नाही. मग जाळी पाण्यात बुडवायची नाही असं ठरलं. दोन इंची चौकोनांची जाळी, जाड सळईच्या चौकटीत वेल्ड केलेली, दोन थर रंग मारून, पाण्यापासून चार इंच वर, दगडी काठावर बसवलेली आणि बोल्टने आवळलेली. कुमुदिनीची पानं खालीच राहतात, फुलं चौकोनातून वर येतात. अण्णांनी मध्यावर उभं राहून दोन उड्या मारून बघितल्या. ही चाचणी माझ्या यादीत नव्हती, त्यांची स्वतःची.

खोदाई दादाने आणि मी केली. वर काळी माती, खाली मुरूम. टोकदार खडे वेचले, शेवग्याची मुळं तोडली, वाळूचा थर दिला, वर आईने काढून ठेवलेल्या चार जुन्या गोधड्या. कागद वरून फाटण्यापेक्षा खालून जास्त फाटतो. कागदाचा हिशेब सोपा: लांबी अधिक दुप्पट खोली, अधिक दोन्ही टोकांना चरात दाबायला एकेक फूट. दहा अधिक चार अधिक दोन, सोळा फूट. रुंदी तशीच, सहा अधिक चार अधिक दोन, बारा. मंद उताराची जागा या दहा फुटांतच धरली होती. कडेचा चर मातीने बुजवून वर दगड ठेवले, म्हणजे कागदाची कड उन्हात उघडी राहत नाही आणि घुशीला दात लावायला सापडत नाही.

जोड द्यायला शेततळ्यांची कामं करणारा एक मुलगा आला, बाजूच्या मळ्यात त्याचं काम चालू होतं म्हणून. “ताई, एवढ्याशा डबक्याला मशीन?” म्हणत त्याने कोपरे असे जोडले की आत एक सुरकुती नाही. निघताना तो जाळीच्या चौकटीकडे बघत थांबला. म्हणाला, “आम्ही वर्षाला कितीतरी तळी करतो. कागद टाकून झाला की आम्हीच दोर धरून बाहेर येतो. मग दोर गुंडाळून घेऊन जातो.”

मी त्याला विचारलं, एक दोर तिथेच सोडून येणं किती खर्चाचं आहे? त्याने मनात हिशेब केला आणि काही बोलला नाही. जाताना त्याने आमच्या शेततळ्याच्या दोरांचे मोबाइलवर फोटो काढले. गाठी कशा मारल्यात ते जवळून.

पाणी भरून तीन आठवडे नुसतं ठेवलं, मग गप्पी सोडले. आता त्यांची संख्या मोजता येत नाही. पहिल्या पावसात बेडूक स्वतःच्या पायांनी आले. जाळीला कागदापेक्षा जास्त पैसे लागले. पुतणी दुपारी जाळीवर पालथी पडून चौकोनातून खाली बघत असते. आई अजून दार उघडंच ठेवून झोपते.

मध्यंतरी पुण्यातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्या रो-हाउसच्या मागे जागा आहे, तिला तळं करायचंय. “कुठला लायनर घेतलास, लिंक पाठव.” मी तिला वजनाची युक्ती सांगितली, तरंगण्याची सांगितली, चौथी नुसती बादली विसरू नकोस म्हणाले. मग विचारलं, तुमच्या सोसायटीत लहान मुलं किती आहेत? ती म्हणाली, मला काय माहीत, मोजून सांगते.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. फक्त आकडा: अकरा. त्याखाली जाळीच्या दुकानांची यादी.